अंगणांतले पांचशें घोडे

आपलीं मुलें परदेशीं गेलीं म्हणजे तीं काय शिकतात, काय खातात, केव्हां निजतात, याची चौकशी घरोघर होत असते. फावल्या वेळांत तीं काय करतात हें मात्र बहुधा कोणी विचारीत नाहीं. आणि अकस्मात् कळलें म्हणजे वडील माणसें चकित होतात. अशाच एका सद्‌गृहस्थांनीं आम्हांस विचारिलें आहे कीं, आपला पुतण्या अमेरिकेंत चांगल्या पगारावर असून दर शनिवार-रविवार गॅरेजांत तेलानें माखून बसतो. पन्नास वर्षांची एक जुनी मोटार त्यानें सांगाड्यापर्यंत सोलली आहे, व तिच्यांत पांचशें अश्वशक्तीचें इंजिन घालणार म्हणतो. हा उद्योग सुशिक्षितास शोभतो काय, आणि त्यांत जिवास धोका किती? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पहिल्याचें उत्तर दुसऱ्याच्या उत्तरांतून पुष्कळसें निघतें. म्हणून या खेपेस आधीं ती मोटारच नीट समजून घेऊं.

या जातीच्या गाडीस तिकडे ‘मसल कार’ म्हणतात. मसल म्हणजे स्नायु. शब्दास शब्द ठेवूं गेल्यास हंसें होईल; तालमींतल्या पहिलवानाचा भाव मनांत धरून आपण तिला मल्लमोटार म्हणूं. देह मध्यम, सजावट बेताची, दोन दारें, आणि आंत मात्र मोठ्या गाडीचें इंजिन, हें तिचें लक्षण.

आतां अश्वशक्ति म्हणजे काय? हें माप जेम्स वॉट यानें रूढ केलें. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत तो वाफेचीं यंत्रें विकीत असे, आणि गिऱ्हाइकांस आपलें यंत्र किती घोड्यांचें काम करील हें सांगणें त्यास भाग होतें. त्यानें ठरविलें कीं, एका सेकंदांत ५५० पौंड वजन एक फूट उचलणें हें एका घोड्याचें काम समजावें. विजेच्या मापानें तें सुमारें ७४६ वॉट होतें. आपल्या घरांत गच्चीवरील टाकींत पाणी चढविणारा पंप बहुधा अर्ध्या किंवा एका घोड्याचा असतो. असे पांचशें पंप एका लोखंडी ठोकळ्यांत कोंडलेले आहेत, अशी कल्पना करावी. म्हणजे हा पुतण्या अंगणांत काय बांधूं पाहतो आहे याचा अंदाज येईल.

संस्कृतांत योगक्षेम असा सामासिक शब्द आहे. जें आपल्यापाशीं नाहीं तें मिळविणें हा योग, आणि मिळालेलें सांभाळणें हा क्षेम. घरीं मल्लमोटार बांधणाराचें सर्व शास्त्र या एका शब्दांत मावतें. शक्तीचा योग आज पुष्कळसा पैशानें होतो. तिचा क्षेम मात्र बुद्धीनें, हातानें व धीरानें करावा लागतो. आणि ज्यास तो साधला नाहीं त्याची गाडी मोडते, किंवा तो स्वतः मोडतो.

या छंदाची जन्मभूमि दक्षिण कॅलिफोर्निया. १९३२ सालीं फोर्ड कंपनीनें इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचें, आठ सिलिंडरांचें इंजिन सामान्य गृहस्थाच्या गाडींत बसविलें. त्याचें माप २२१ घनइंच व शक्ति ६५ घोड्यांची होती. कांहीं वर्षांनीं या गाड्या जुन्या होऊन स्वस्त विकूं लागल्या आणि तरुणांच्या हातीं पडल्या. त्यांनीं मडगार्ड काढले, बॉनेट काढलें, एका कार्ब्युरेटरच्या जागीं दोन बसविले, आणि मोहावे वाळवंटांतील म्युरॉक नांवाच्या सुकलेल्या तळ्याच्या सपाट पात्रावर जाऊन ते वेग अजमावूं लागले. तेथें धूळ इतकी उडे कीं मागच्यास पुढचा दिसत नसे. अपघात होऊं लागले; तेव्हां १९३७ सालीं तेथील मंडळांनीं एकत्र येऊन ‘सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन’ ही संस्था स्थापिली व नियम केले. महायुद्धानंतर, १९४८ च्या जानेवारींत, रॉबर्ट पीटरसन याच्या उद्योगानें ‘हॉट रॉड’ हें मासिक निघालें. आणि त्याचा संपादक वॉली पार्क्स यानें १९५१ सालीं ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ स्थापिली. रहदारीच्या रस्त्यावर पोरें शर्यती लावीत व प्राणास मुकत. त्या शर्यती पाव मैलाच्या, म्हणजे १,३२० फुटांच्या, राखीव पट्ट्यावर नेणें हा तिचा उद्देश. शक्तीच्या मागोमाग नियमनाची गरज कशी उत्पन्न होते याचें हें पहिलें उदाहरण होय.

कारखानदारांचें लक्षहि हळूहळू तिकडे वळलें. १९५३ च्या डिसेंबरांत शेव्हरोलेकडील अभियंता झोरा आर्कुस-डंटॉव्ह यानें वरिष्ठांस एक टिपण लिहिलें. हे हौशी तरुण आज फोर्डच्या इंजिनांवर हात बसवीत आहेत, आणि वयानें वाढले तरी फोर्डचेच राहतील; आपण त्यांस तयार सुटे भाग पुरविले पाहिजेत, असा त्याचा आशय होता. १९५५ सालीं शेव्हरोलेचें २६५ घनइंची, आटोपशीर व हलकें आठ सिलिंडरी इंजिन बाजारांत आलें, आणि फोर्डची मक्तेदारी संपली. १९६४ सालीं पाँटिॲक कंपनीनें आपल्या मध्यम गाडींत ३८९ घनइंची इंजिन घालून ‘जीटीओ’ विकावयास काढली. मल्लमोटारीच्या युगाचा आरंभ बहुतेक लोक तेथून धरतात. १९७० सालच्या शेव्हेल गाडीच्या ४५४ घनइंची इंजिनाची जाहीर शक्ति ४५० घोडे होती. पुढें विम्याचे हप्ते वाढले, धुरावर कायद्याचे निर्बंध आले, १९७३ सालीं अरब देशांनीं तेल रोखिलें, आणि तें युग मावळलें.

यांतच एक गंमत झाली. १९७२ पर्यंत अमेरिकेंतील कारखाने इंजिनाची शक्ति पंखा, हवेची गाळणी, धुराची नळी असे अडथळे काढून, उघड्या इंजिनावर मोजीत. १९७२ पासून इंजिन गाडींत असतें तसें ठेवून मोजूं लागले, आणि एका वर्षांत जाहिरातींतले पुष्कळ घोडे नाहींसे झाले. कागदी घोडे नाचविणें हा वाक्‌प्रचार आपल्याकडे कचेरीपुरता आहे. तिकडे तो मोटारींनाहि लागू पडे. म्हणून कोणी पांचशें घोडे सांगितले म्हणजे पहिला प्रश्न हा विचारावा, कीं ते कोठें मोजले, इंजिनावर कीं चाकावर? वाटेंतल्या घर्षणांत कांहीं घोडे नेहमींच खर्ची पडतात.

आज कारखान्यांतून तयार निघालेली मल्लमोटारहि विकत मिळूं शकते. २०१५ सालची डॉज कंपनीची ‘चॅलेंजर हेलकॅट’ ७०७ घोड्यांची होती. तेव्हां घरीं बांधणारास केवळ वेग हवा असतो असें नाहीं. त्याला शक्ति कोठून येते व कोठें जाते हें स्वतःच्या हातानें पाहावयाचें असतें.

इंजिन म्हणजे मुळांत हवेचा पंप आहे. पेट्रोल पाहिजे तितकें ओततां येतें, अडचण हवेची. एक भार पेट्रोल पुरतें जळण्यास सुमारें पावणेपंधरा भार हवा लागते. म्हणून शक्ति वाढविण्याचे मार्ग तीनच. सिलिंडर मोठा करावा. इंजिन अधिक वेगानें फिरवावें व त्याचा श्वासोच्छ्वास मोकळा करावा. किंवा पंख्यानें हवा आंत कोंबावी. पहिल्या मार्गाचें एक प्रसिद्ध उदाहरण मुलांनीं पाटीवर करून पाहण्याजोगें आहे. शेव्हरोलेच्या ३५० घनइंची इंजिनांत सिलिंडराचा व्यास ४ इंच व पिस्टनाची, म्हणजे दट्ट्याची, धांव ३.४८ इंच. व्यासाच्या वर्गास ०.७८५४ नें गुणावें, मग धांवेनें, मग आठानें. उत्तर ३५० च्या जवळ येईल. याच कंपनीच्या ४०० घनइंची इंजिनाचा क्रँकशाफ्ट, त्याच्या बैठकीचे गोल भाग घासून लहान करून, यांत बसवितां येतो; मग धांव ३.७५ इंच होते. सिलिंडर झिजलेले असतात, म्हणून ते इंचाच्या तीस सहस्रांशांनीं मोठे कोरून घेतात. पुन्हां गुणाकार करावा. उत्तर ३८३ च्या जवळपास येतें. बाहेरचा ठोकळा तोच, आणि आंत ३३ घनइंच जागा अधिक! या ‘३८३’ वर तिकडच्या किती तरी घरांत हात बसले आहेत.

परंतु कागदावर ३८३ लिहिणें निराळें आणि तें फिरविणें निराळें. क्रँकशाफ्ट ज्या बैठकींत फिरतो तेथें तेलासाठीं साधारण अडीच सहस्रांश इंचाची फट लागते. ती कमी पडली तर धातु धातूस घासून जळतो. जास्त झाली तर तेलाचा दाब पडतो. ही फट पाहण्यासाठीं मेणासारखी बारीक तार मध्यें ठेवून टोपण पूर्ण आवळतात, पुन्हां सोडतात, आणि तार किती चपटली तें पट्टीवर मापतात. पिस्टनावरील कड्यांच्या दोन टोंकांत, साध्या रस्त्यावरच्या इंजिनास, व्यासाच्या दर इंचामागें सुमारें चार सहस्रांश जागा सोडतात. चार इंची सिलिंडरास सोळा. उष्णतेनें कडें वाढतें. जागा पुरेशी नसली तर टोंकें एकमेकांस भिडतात, कडें सिलिंडरास ओरखडतें, आणि पिस्टनाची कड उडते. एका कड्याच्या टोंकाशीं कानस दोनदां जास्त फिरली किंवा कमी फिरली, यावर सर्व खर्चाचें भवितव्य अवलंबून असतें. सिलिंडरांचें वरचें झाकणहि वाटेल त्या क्रमानें आवळून चालत नाहीं. मधल्या बोल्टापासून आरंभ करून बाहेर बाहेर जावें, आणि जोर मोजणाऱ्या पान्यानें दोन-तीन टप्प्यांत आवळावें, अशी रीति आहे.

आमच्या वाचकांस एक गोष्ट विशेष रुचेल. या कामांत सोवळें फार कडक आहे. सिलिंडर कोरून आल्यावर त्यांच्या अंगांत सहाणेच्या कणांसारखी बारीक कूस शिरलेली असते. ती नुसत्या रॉकेलानें जात नाहीं. साबण, गरम पाणी व कुंचला घेऊन ठोकळा पुनः पुनः धुवावा लागतो. पांढरें फडकें फिरवून तें पांढरेंच बाहेर आलें म्हणजे काम झालें असें समजावयाचें, आणि लगेच गंज न चढावा म्हणून तेलाचा हात द्यावयाचा. येथें कोणी पाहत नाहीं म्हणून कंटाळा केला तर त्याचें प्रायश्चित्त हजार मैलांच्या आंत मिळतें.

सर्व जुळलें आणि इंजिन सुरू झालें तरी धीर सोडून चालत नाहीं. जुन्या पद्धतीचा कॅमशाफ्ट असेल तर पहिलीं वीस-तीस मिनिटें इंजिन मिनिटास सुमारें दोन हजार फेऱ्यांच्या गतीनें चालवावें लागतें. म्हणजे नवे पृष्ठभाग एकमेकांस सरावतात. वर्षभर वाट पाहिलेल्या तरुणास हीं वीस मिनिटें फार कठीण जातात. त्यानंतर शक्तीचा हिशेब. इंजिनाचा पीळ पौंड-फुटांत घेऊन मिनिटाच्या फेऱ्यांनीं गुणावा व ५,२५२ नें भागावें, अश्वशक्ति निघते. ६,२५० फेऱ्यांस ४२० पौंड-फूट पीळ मिळाला कीं पांचशें घोडे झाले. योग साधला.

आतां क्षेम. ज्यांच्या लहानपणीं मळ्यांत मोट चाले त्यांस हें लवकर कळेल. दोन बैलांच्या जागीं चार जुंपले आणि मोट मोठी केली, तरी नाडा, चाक व विहिरीवरचीं लांकडें जुनींच ठेवली तर पाणी वर येण्याऐवजीं सगळें विहिरींत जातें. मोटारींत इंजिनापासून चाकापर्यंत क्लच, गिअरबॉक्स, मधला दंड व मागचा अ‍ॅक्सल असे पेलणारे भाग एकामागून एक आहेत. अ‍ॅक्सल हा शब्द आपल्या ‘अक्षा’चाच सगोत्र आहे; रथ मोडावयाचा तो अक्षांत, हें आपल्या पूर्वजांस ठाऊक होतें.

हिशेब पाहा. इंजिनाचा पीळ ४२०. पहिल्या गिअरांत तो अडीचपट झाला आणि अ‍ॅक्सलांत ३.७३ पट, असें धरलें, तर मागच्या आंसावर ३,९०० पौंड-फुटांहून अधिक पीळ येतो. चाकाची त्रिज्या १३ इंच असली तर रस्त्यास लागणारा रेटा सुमारें ३,६०० पौंड होतो. गाडीचें सगळें वजन ३,५०० पौंडांच्या आसपास, आणि त्यांतलें मागच्या चाकांवर निम्मेंच. साधा टायर इतका रेटा धरूंच शकत नाहीं. तो जागच्या जागीं फिरून धूर काढतो. तरुण पोरास हा धूर पराक्रमाचा वाटतो; जाणता मनुष्य त्यांत वाया गेलेली शक्ति पाहतो. बरें, चिकट रबराचे रुंद टायर आणले तर ते जमीन धरतात, आणि मग सगळा ताण अ‍ॅक्सलावर जातो. अ‍ॅक्सल भक्कम केला कीं गिअरबॉक्स कुरकुरूं लागतो. गिअरबॉक्स बदलला कीं क्लच घसरतो. दुखणें बरें होत नाहीं, एका अवयवांतून दुसऱ्यांत सरकतें. म्हणून अनुभवी लोक गाडी मागून पुढें बांधतात: आधीं ब्रेक, मग अ‍ॅक्सल, मग गिअरबॉक्स, आणि इंजिन सर्वांत शेवटीं.

ब्रेकांची गोष्ट तर आणखी गंभीर आहे. वेग दुप्पट झाला कीं गाडींतील गतिजन्य ऊर्जा चौपट होते. साठ मैलांवरून थांबविण्यास ब्रेकांनीं जितकी उष्णता गिळावी लागते, तिच्या चौपट १२० मैलांवरून. आणि १९६४ च्या त्या प्रसिद्ध जीटीओस चारी चाकांना ड्रम ब्रेकच होते! तापलेला ड्रम ब्रेक दुसऱ्या-तिसऱ्या वेळेस पूर्वीसारखा धरीत नाहीं. जुन्या गाडींत नवें इंजिन घालून ब्रेक मात्र जुनेच ठेवणें म्हणजे उधळ्या घोड्यास सुतळीचा लगाम घालणें होय.

या बाबतींत दोन माणसांच्या हकीकती सांगण्यासारख्या आहेत. मिकी थॉमसन हा लॉस एंजेलिसच्या एका वर्तमानपत्राच्या छापखान्यांत काम करणारा मनुष्य. त्यानें पाँटिॲकचीं चार इंजिनें एका लांबट गाडींत बसवून ‘चॅलेंजर’ बांधली, आणि १९६० च्या सप्टेंबरांत युटामधील बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर ती ताशीं ४०६.६० मैल पळविली. त्या वेळचा जॉन कॉब याचा १९४७ सालचा विक्रम ३९४ मैलांचा होता. पण विक्रम नोंदण्यास जाण्याची व परतीची अशा दोन फेऱ्या लागतात, आणि परतीच्या फेरींत शक्ति चाकांकडे नेणाऱ्या भागांनींच दगा दिला. चार इंजिनें शाबूत असून उपयोग झाला नाहीं. योग झाला होता. क्षेम एका फेरीपुरता कमी पडला.

दुसरा फ्लॉरिडाचा डॉन गार्लिट्स. पाव मैलाच्या शर्यतींत याच्या घरच्या गाड्यांनीं नामांकितांस हरविलें. त्या काळच्या गाड्यांत चालक इंजिनाच्या मागें बसे, आणि क्लच व गिअरबॉक्स त्याच्या पायांशीं असत. ८ मार्च १९७० रोजीं कॅलिफोर्नियांत लाँग बीचजवळच्या लायन्स पट्ट्यावर सुटतां सुटतां त्याचा गिअरबॉक्स फुटला, गाडीचे दोन तुकडे झाले, आणि त्याच्या उजव्या पावलाचा पुढचा भाग तुटून गेला. इस्पितळांत पडल्या पडल्या त्यानें इंजिन चालकाच्या मागें ठेवण्याचा विचार पक्का केला. पूर्वीं इतरांनीं असे प्रयत्न केले होते, पण गाडी सरळ धांवत नसे. गार्लिट्स यानें चिकाटीनें तो दोष काढला, आणि १९७१ सालीं पोमोनाची मोठी शर्यत त्याच रचनेच्या गाडीनें जिंकली. थोड्याच वर्षांत त्या वर्गांतील सर्वांनीं ती रचना स्वीकारली. त्यानें घोडे कमी केले नाहींत. आपली बसण्याची जागा बदलली. किती तरी चालकांचे प्राण या एका बदलानें वांचले असतील.

येथें पहिल्या प्रश्नाचें उत्तर देण्यास हरकत नाहीं. आपल्या वर्गांत पुस्तकी विद्येचा मान मोठा. हात काळे करणें हलकें, ही समजूत आतां पुष्कळ ओसरली असली तरी मनाच्या कोपऱ्यांत अजून आहे. वास्तविक लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं बेळगांवांत सायकलींच्या दुकानापासून आरंभ करून ती केव्हांच खोटी ठरविली. पुस्तकांत चूक झाली तर ती खोडतां येते, वादांत चूक झाली तर शब्द फिरवितां येतात. सोळा सहस्रांशांच्या फटींत शब्द फिरवितां येत नाहींत. जो मनुष्य आपल्या हातचें काम उलगडून, मापून, पुन्हां बसवितो, त्याच्या अंगीं एक प्रकारचा सत्यनिष्ठपणा येतो, आणि तो शिक्षणाचाच भाग आहे. हें केवळ पुरुषांचें काम, असेंहि समजूं नये. शर्ली मल्डाउनी या बाईनें १९७७, १९८० व १९८२ अशीं तीन वर्षें शर्यतींच्या सर्वांत वेगवान वर्गाचें अजिंक्यपद मिळविलें.

आणि पिढ्यांचा संबंध? मिकी थॉमसन यानें १९६८ सालीं दुसरी गाडी बांधली. मैदानावर पावसाचें पाणी सांचलें व पुढें मदतीचा पैसा आटला, म्हणून ती तशीच राहिली. ती त्याच्या मागें मुलानें, डॅनीनें, पुन्हां हातीं घेतली, नवीं इंजिनें घातलीं, आणि २०१८ सालीं बॉनव्हिललाच ४४८ मैलांहून अधिक सरासरी वेगाचा आपल्या वर्गाचा विक्रम केला. बापाचें अर्धवट राहिलेलें काम पन्नास वर्षांनीं मुलानें पुरें करावें, याचें कौतुक एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांस सांगावयास नको.

धोक्याचा प्रश्न मात्र अजून संपला नाहीं. कारण मोठा धोका रस्त्यावर निघण्यापूर्वींच घरांत असतो. नुसत्या जॅकावर उचललेल्या गाडीखालीं कधींहि शिरूं नये. जॅक उचलण्यासाठीं असतो, धरून ठेवण्यासाठीं नव्हे. खालीं भक्कम लोखंडी घोड्या लावून, गाडी हलवून पाहूनच आंत जावें. बंद गॅरेजांत इंजिन चालूं ठेवूं नये. त्याच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइड या वायूस रंग नाहीं, वास नाहीं. मनुष्यास झोंप येते व ती मोडत नाहीं. थंडीच्या दिवसांत दार लोटून काम करण्याचा मोह होतो, म्हणून हें विशेष सांगितलें पाहिजे. पेट्रोलाची वाफ हवेपेक्षां जड असल्यामुळें जमिनीवर पसरते. तिकडे पुष्कळ घरांत पाणी तापविण्याची गॅसची शेगडी गॅरेजांतच असते, आणि तिची ज्योत ती वाफ पेटविण्यास पुरते. रात्रीं एकटें काम करूं नये. निदान घरांतील कोणास तरी ठाऊक असावें.

कायद्याचेंहि दोन शब्दांत सांगतों. अमेरिकेंत धुराच्या नियमांस बाध न आणतां गाडी बदलण्यास बरीच मोकळीक आहे, आणि प्रत्येक राज्याचे नियम निराळे. कॅलिफोर्नियांत १९७५ पर्यंतच्या गाड्यांस धुराच्या नियतकालिक तपासणींतून सूट आहे; जुन्या सांगाड्यांस तेथें मागणी असण्याचें हें एक कारण. आपल्याकडे तसें नाहीं. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमानें, कारखानदारानें ठरविलेल्या व नोंदणींत लिहिलेल्या तपशिलाशीं विसंगत होईल असा बदल करण्यास मालकास मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयानेंहि २०१९ च्या जानेवारींत तेंच स्पष्ट केलें. म्हणून परदेशच्या भावाचें पाहून येथल्या चिरंजीवांनीं वडिलांच्या गाडीवर पाना चालवूं नये. हौस असेल तर तिला वाट आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनीं स्वतः गाडी बांधून परीक्षेस उतरविण्याच्या ‘बाहा’ नांवाच्या स्पर्धा २००७ पासून इंदूरजवळ पिथमपूर येथें होऊं लागल्या, आणि आपल्याकडील महाविद्यालयें त्यांत भाग घेत आलीं आहेत. तेथें गाडी धांवण्यापूर्वीं तिचे ब्रेक तपासतात, हें आम्हांस फार आवडतें.

तेव्हां पुतण्यास काय लिहावें? मना करूं नये. मना केल्यानें तो थांबणार नाहीं, फक्त सांगणें थांबवील. त्याऐवजीं चुलत्यांनीं चार प्रश्न विचारावे. ब्रेक बदललेस काय? अ‍ॅक्सल किती पीळ पेलतो? गाडीखालीं काय लावतोस? आणि पूर्ण वेगानें चालविण्यासाठीं राखीव पट्टा किती लांब आहे? या चारांचीं उत्तरें तो चटकन् व मापासकट देऊं लागला तर निश्चिंत असावें. मुलगा घोडे जमवीत नसून घोडे पाळण्यास शिकला आहे. उत्तरादाखल तो केवळ इंजिनाचेंच वर्णन करूं लागला, तर पुढच्या पत्रांत तेच प्रश्न पुन्हां विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत विचारीत राहावें.